राणी शाल्मलीने घडवलेली माती

एका राज्यात धृतवर्मा नावाचा राजा होता, शाल्मली नावाची राणी होती. उग्रघंट नावाचा मांत्रिक झोपडीपुरती जमीन मागायला दरबारी आला. राजा म्हणाला, “चिमूटभर मातीही मिळायची नाही.”

मांत्रिकाने शंख पुढे धरला. राज्यातली सगळी माती शंखात शिरली. उरला उघडा कातळ. राजाचे पाय दगडाचे झाले, आणि दगड वर चढू लागला.

राणीने हात जोडले. “उःशाप सांगावा.”

“स्वतः मूठभर माती घडवून आण. दगड राजाच्या छातीला पोचण्याआधी.”

राणीने कातळ विस्तवाने तापवला, वर गार पाणी ओतले. कातळ तडकला. तुकडे कुटून तिने मूठभर नेले. मांत्रिकाने फुंकर मारली. “ही रेती.” दगड राजाच्या गुडघ्यांवर गेला.

तिने रेतीत पालापाचोळा आणि शेण कालवून नेले. मांत्रिकाने चिमटीत धरून पाहिले. “रेती वेगळी, पाला वेगळा.” दगड कमरेला आला.

राणी कड्यापाशी बसून रडली. तिथली टिटवी म्हणाली, “घाईने माती होत नाही, राणी. दगडफुलाने खडा झिजवावा, पाला कुजावा, गांडुळाने सगळे गिळून एकजीव करावे. शेकडो वर्षे लागतात.”

“तेवढी वर्षे कुठून आणू?”

“माझ्या पंखाखाली ती एका दिवसात सरतात. पण ओंजळ धरणाऱ्याच्या आयुष्याची दहा वर्षे जातात.”

“गेली तर जावोत.” राणीने तीच रेती-पाल्याची ओंजळ पुढे केली.

टिटवीने खडकावरचे दगडफूल आणि कपारीतले गांडूळ ओंजळीत टाकले, वर पंख पसरला. दगडफूल वाढले, वाळले, पुन्हा उगवले. पाला काळा पडला. ओंजळ जड झाली, ओलसर झाली. सूर्य मावळताना राणीचे केस पिकले होते.

ती धावत आली. दगड राजाच्या छातीखाली येऊन ठेपला होता. मांत्रिकाने ओंजळीचा वास घेतला. आतून गांडूळ वळवळत वर आले.

“ही माती,” तो म्हणाला, आणि शंख उपडा केला.

माती धो धो कोसळली, शेतांवर पसरली. राजाचे गुडघे वाकले आणि तो मऊ ढेकळांत मटकन बसला.

“राणी, तुझे केस...”

“असू देत, महाराज. आधी बोटे हलवून दाखवा.”

राजाने पायाची बोटे हलवली. राणी हसता हसता रडली. राजाने मांत्रिकाला नदीकाठची जमीन दिली. पेरण्या झाल्या, नाचणी कंबरभर वाढली. राजाराणीचा जीव भांड्यात पडला, ऐकणाऱ्यांचाही पडो.