पाठीवरची थाप

“पण वस्ताद, गोल होता की नव्हता, एवढंच सांगा ना!”

धैर्यशीलनं पुन्हा तेच विचारलं. बाबालाल वस्ताद बशीतला चहा फुंकत होते.

वस्तादांची उभी हयात कोल्हापूरच्या मैदानांवर फुटबॉलची पंचगिरी करण्यात गेली. आता गुडघे गेले, पण शब्दाला मान राहिला. उद्याच्या फायनलची पंचगिरी धैर्यशीलला द्यायची की नाही, हे त्यांच्याच शब्दावर ठरणार होतं. हा त्यांचाच चेला. पोरगा हुशार, पण मिजास केवढी! यंदा स्पर्धेत निर्णय तपासायला कॅमेरे आले आणि ह्याचे पाय जमिनीला लागेनासे झाले.

“कालचं आधी सांग.”

“सेमी फायनल. शेवटच्या मिनिटाला गोल झाला. मी दिला.”

“तू कुठं हुतास?”

“जवळच. चेंडू छातीला लागून आत गेला.”

“दिसलं?”

“स्पष्ट.”

“मग?”

“मग... स्क्रीनवर बघायला गेलो.”

वस्तादांनी बशी खाली ठेवली.

“किती वेळ?”

“खात्री होईपर्यंत.”

अहो, कसली खात्री! हा इकडं चित्र मागं-पुढं करतोय आणि तिकडं गोल करणाऱ्या संघाच्या तालमीतल्या पोरांनी मैदानात घुसून गुलाल उधळला. दोन्ही संघ डोक्यापासून बुटापर्यंत गुलाबी. मग साहेब आले, चेंडू हाताला लागला म्हणाले, गोल रद्द केला आणि खेळ पुन्हा सुरू केला. आता कोण कुणाचा, ओळखायचं कसं? गडी आपल्याच गड्याला पाडायला लागले, आणि ह्यानं त्याचाही फाऊल दिला!

“हळू करून बघितलं की हाताला लागल्यासारखं दिसतंय, वस्ताद.” धैर्यशीलनं टॅब पुढं केला. “यंत्र खोटं बोलत नाही.”

“व्हय? मग ठेव त्यो डबा तिथं. कॅमेरा चालू कर.”

टॅब खिडकीत उभा राहिला. वस्ताद कण्हत उठले आणि काही न बोलता त्यांनी धैर्यशीलच्या पाठीवर एक थाप ठेवून दिली.

पोराचा चेहरा असा फुलला म्हणता! त्याला वाटलं, मिळाली फायनल.

“आता बघ. हळू करून.”

त्यानं बघितलं. वस्तादांचा पंजा वरून सावकाश खाली येत होता. पाठ आत गेली, गाल लोंबले, डोळे पांढरे झाले.

त्यानं पुन्हा बघितलं. मग अजून हळू करून बघितलं.

“काय दिसालंय?”

“वस्ताद... हा तर रट्टा आहे.”

“नक्की?”

“तुम्हाला लाल कार्डच द्यावं लागंल.”

धैर्यशीलचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यानं टॅब पालथा घातला.

“खरं सांगा, वस्ताद. शाबासकी होती का रट्टा? फायनल मला आहे का नाही?”

“पाठ तुझी. पंच तू. तूच सांग.” वस्तादांनी बशी पुन्हा तोंडाला लावली. “पण लेका, गुलाल उडायच्या आत सांग.”