बसलेला सटवाजी

फार वर्षांपूर्वी, गावात सायकलसुद्धा आली नव्हती तेव्हा, आपल्या कोळवडीत सटवाजी नावाचा धावणारा होता. घोडं दमायचं, पण सटवाजी दमायचा नाही, असं म्हणतात. संस्थानच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत दरवर्षी चांदीचं कडं तोच आणायचा. कमरेला घुंगरू बांधून तो सरावाला निघाला की गाव वाट सोडायचं. धावत्या सटवाजीशी बोलायचं नाही, त्याचा दम तुटतो, असा गावाचा नेमच होता. नेम चांगला होता हो, पण नेमाला कान नसतात.

एका पावसाळ्यात तो डोंगरातून पळत येत होता. वरच्या तळ्याच्या बांधातून त्याला गढूळ पाणी उसळताना दिसलं. खाली कोळवडी होती आणि तिच्याही खाली, ओढ्याकाठच्या वाडीत, त्याची बाळंतीण लेक भागू. तो जिवाच्या आकांताने पळत सुटला.

वेशीत शिरताच तो ओरडला, पण धापेत शब्दच फुटेनात. घुंगरू ऐकून लोकांनी वाट सोडली, बायकांनी पोरं कडेला ओढली.

"औंदा बी कडं आपलंच!" पाटील खूष होऊन म्हणाले.

सटवाजी पुन्हा ओरडला.

"काय म्हनतोय त्यो?" एका म्हातारीनं विचारलं.

"गप ऱ्हा, आज्जे! दम तुटंल त्याचा."

थांबावं, तर लेकीकडे पोचायला उशीर होणार. न थांबावं, तर गाव बुडणार. पाणी काही कुणासाठी थांबत नाही. आणि जन्मात कधी वाटेत न थांबलेला सटवाजी पारासमोर भर चिखलात फतकल मारून बसला.

सगळं गाव घाबरलं. पाटील धावत आले. "सटवाजी, काय झालं रं?"

"बांध फुटतोय. माळावर चला."

गाव माळाकडे पळालं. पण सटवाजीचे पाय उठेनात. दोघांनी त्याला धरून उभं केलं. "आता सोडा वाट," तो म्हणाला आणि निघाला.

पाण्याच्या गर्जनेतही त्याचे घुंगरू माळावर ऐकू येत होते, असं म्हणतात.

भागूनं दारातून पाहिलं, तर बाप अंगणात बसलेला. घुंगरू बांधून बसलेला बाप तिनं कधीच पाहिला नव्हता. तिनं वाडीला हाक दिली, तान्हं पोर उराशी धरलं.

"चढ, पोरी. मी आलोच."

सगळी वाडी टेकडीवर पोचली. भागूनं मागं वळून पाहिलं, तेव्हा अंगण नव्हतं.

आजही कोळवडीत धावत येणाऱ्याला कुणी वाट देत नाही. अनोळखी असला तरी त्याला हाताला धरून पारावर बसवतात, गूळपाणी देतात आणि सगळे गप्प होऊन विचारतात, "बाबा, काय झालं?"