झाकण उघडण्याआधी

एका गावात प्रभंजन नावाचा एक उतावळा गृहस्थ राहत होता. माणूस तसा भला, पण दम म्हणून नाही. पोळी तव्यावर पडायचा अवकाश, हा ताट घेऊन उभा!

तो आणि त्याची बायको ऋता रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर एक गेम खेळत. दोन हौशी मित्रांनी घरबसल्या केलेला, रहस्यकथेचा. दीपगृहातला म्हातारा नाहीसा कसा झाला, ते शोधायचं. ऋता म्हणे, "सुनेचंच काम!" प्रभंजन म्हणे, "नावाड्याचं!" दिवसभराचा शीण त्या भांडणातच उतरायचा.

गेममध्ये चुका मात्र ढीगभर. एके दिवशी नावाडी धक्क्यावर येईचना. गोष्ट तिथेच अडली. त्यातच ऋताला बहिणीच्या डोहाळजेवणाला जावं लागलं. निघताना ती म्हणाली, "दुरुस्तीचा पॅच आला की टाकून ठेव. पण माझ्याशिवाय पुढचं काही बघायचं नाही हं!"

"छे, छे! शब्द दिला."

प्रभंजनने गेम करणाऱ्यांना कळवलं. उत्तर आलं, "पॅच उद्या देतो." उद्या! त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. उठला, बसला, चहा केला, तो तसाच गार झाला. कुणीतरी त्या गेमचा वॉकथ्रू नेटवर टाकला होता. कुठे जायचं, कुणाशी काय बोलायचं, सगळं शेवटापर्यंत. "नावाडी येतो की नाही, तेवढंच बघू," असं स्वतःला समजावत त्याने तो उघडला. कसलं तेवढंच! अधाशासारखा शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी पॅच आला. टाकला, तर नावाडी निमूट हजर! प्रभंजनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऋता आली ती चप्पल काढून थेट कॉम्प्युटरपाशीच बसली. "आज कळणार बघ!" प्रभंजन शेजारी बसून नवल वाटल्याचं सोंग करत राहिला. गेममधली, म्हाताऱ्याचा शोध घेणारी मुलगी माळ्यावर चढली. तिने जुन्या पेटीच्या झाकणाला हात घातला.

"अरे बापरे!" प्रभंजन ओरडला.

ऋताने माउसवरचा हात काढला. "झाकण अजून उघडलं नाहीये."

तो मान खाली घालून बसला. मग अजिजीने म्हणाला, "आपण दुसरा गेम आणू ना."

"आणू की. पण तुझं 'अरे बापरे' खरं आहे, हे मला कसं कळणार?"

तात्पर्य: गेममधली चूक पॅच टाकून सुधारता येते; पण उतावळेपणाने शब्द मोडला, तर गेलेला विश्वास तसा परत बसवता येत नाही.