'क्लॅरिफाय' म्हणजे काय?

शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा निघाली आणि मुलाखत घ्यायला अध्यक्ष बाबूराव घोरपडे स्वतः बसले. त्यांच्या जडजंबाल इंग्रजीपुढे भलेभले उमेदवार गार झाले होते. सुनंदा वाघचौरेलाही धडकी भरली, पण नोकरी तिला हवीच होती.

बाबूरावांनी लांबलचक प्रश्न विचारला. 'क्लॅरिफाय' या क्रियापदाबद्दल काहीतरी सांगायचंय, एवढंच तिला कसंबसं उमगलं.

"सर, आपला प्रश्न जरा क्लॅरिफाय कराल का?" तिने नम्रपणे विचारलं.

बाबूराव भडकले. "अहो, क्लॅरिफायचा अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा! साधा प्रश्न आहे!"

"वाक्यात उपयोग मी केला, सर," सुनंदा म्हणाली, "आणि अवघड प्रश्न सोपा करून अर्थ तुम्हीच दाखवलात."

बाबूराव खो खो हसत म्हणाले, "बाई, सोमवारपासून रुजू व्हा!"