निरगुडमाचीचे किल्लेदार

निरगुडमाचीत दिवेलागणीला पोचलात तर आधी हसू येईल. दारादारातून बायका हाक मारत असतात, "किल्लेदार, ये रं! भाकरी खा!" आणि उकिरड्यावरून, गोठ्यातून, कुणाच्या ओसरीखालून एकेक कुत्रं शेपूट हलवत आपापल्या दाराशी जातं. काळं, पांढरं, लंगडं, खरूज झालेलं, नाव एकच. आपल्या माणसाचा आवाज कुत्रं ओळखतंच. गावाच्या डोक्यावर पडका गड आहे आणि गडाच्या पश्चिमेला सरळ तुटलेला कडा. त्याला हौसाचा कडा म्हणतात. त्या कड्याची आणि या नावाची गोष्ट एकच आहे. माचीवर ती अशी सांगतात.

गडावर तेव्हा एक किल्लेदार होता. राज्य कुणाचं होतं यावर म्हातारी माणसं अजून भांडतात, पण माणूस वाईट होता यावर कुणाचं दुमत नाही. गडाचा एक बुरूज ढासळला होता. तो उभा करायला त्यानं माचीवरचा घरटी एक गडी वेठीला धरला. दगड डोंगरावर चढवायचे, मजुरी म्हणून शिव्या खायच्या, आणि खाली शेतं पडीक पडताना बघायची. हौसाचा नवरा सुभाना त्यांच्यात होता. एके दिवशी दोर तुटला, चिरा सुटला आणि सुभाना त्याच्याखाली सापडला. किल्लेदारानं चिरा फुटला का, तेवढंच विचारलं म्हणे.

हौसाला एकच लेक होती, ठकू. बापाला झोळीत घालून आणलेलं तिनं पाहिलं आणि पोरीची वाचा बसली. ती रडली नाही, बोलली नाही. समोर ठेवलेली भाकरी तशीच वाळून जायची. हौसानं देवऋषी केला, अंगारा लावला, माचीच्या देवीला नवस बोलून झाला. पोर भिंतीकडे तोंड करून बसायची ती बसायचीच.

मग कुठूनसं एक पिल्लू दारात आलं. अंगानं पांढरं, पण नाकाखाली दोन्ही बाजूंना काळे पट्टे, टोकाला वर वळलेले, जशा किल्लेदाराच्या पीळ दिलेल्या मिशा. ते खळ्यातल्या भुशाच्या ढिगावर चढलं, छाती काढून बसलं आणि कोंबड्यांवर भुंकायला लागलं. कोंबड्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तेवढ्यात ढीग घसरला आणि स्वारी पाय वर करून खाली आली.

"आये," ठकू म्हणाली, "किल्लेदार पडला!" आणि ती हसली.

हौसानं आधी गडाकडे पाहिलं. तिनं धावत जाऊन पोरीच्या तोंडावर हात दाबला. पण हाताखाली पोर हसतच होती. ते हसू हौसाच्या तळव्याला लागलं आणि तिनं हात काढून घेतला. दुसरं नाव ठेवता आलं असतं. तिनं ठेवलं नाही.

अशी गोष्ट झाकून राहत नाही. वेठीवरून मोडून आलेले गडी संध्याकाळी हौसाच्या अंगणाशी थांबायला लागले. "काय किल्लेदार, आज कुणाची भाकरी चोरली?" असं विचारून जरा हसून घरी जायचे. माचीवर त्या वर्षी हसायला दुसरं काही नव्हतं.

दसऱ्याला किल्लेदार सोनं घ्यायला खाली उतरला. सगळं गाव वेशीत उभं होतं. कुत्रं आता चांगलं मोठं झालं होतं. ते माणसांच्या पायांतून घुसलं आणि किल्लेदारासाठी मांडलेल्या मानाच्या बैठकीवर जाऊन बसलं. ठकूला राहवलं नाही. ती ओरडली, "किल्लेदार, उतर खाली!"

किल्लेदारानं कुत्र्याकडे पाहिलं, त्याच्या मिशांकडे पाहिलं. मग अगदी सावकाश विचारलं, "नाव कुणी ठेवलं?"

ठकूनं तोंड उघडलं. हौसा तिच्या पुढ्यात आली. "म्या ठेवलं."

"बुरजाखाली मेला त्याची बायको ना तू? मग सोपं आहे. ह्याला तुझ्या नवऱ्याचं नाव ठेव. त्या नावानं सगळ्यांदेखत हाक मार आणि घरी जा. नाहीतर कडा आहेच."

त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. हौसानं सुभानाचं नाव लग्नातल्या उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर तिच्या ओठांवर ते कधी आलं नव्हतं. शेजारची कोंडाआजी मागून कुजबुजली, "घे बाई, घे नाव. पोरीकडं बघ."

हौसानं पोरीकडेच पाहिलं. आपण नाव घेतलं तर उद्यापासून ही पोर रोज बापाच्या नावापुढे हाडूक पडलेलं बघणार. ती वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "किल्लेदार! ये, ये इकडं!"

कुत्रं बैठकीवरून उडी मारून धावत आलं आणि तिच्या पायाशी चारी पाय वर करून लोळलं. गर्दीत कुणालातरी हसू आवरलं नाही. त्या हसण्यानं सगळं संपलं.

हौसाला गडावर नेलं आणि पश्चिमेच्या कड्यावरून लोटलं. खाली वेशीत शिपाई कुत्र्याला भाला मारायला निघाले, तर किल्लेदारानं त्यांना थांबवलं. "जगू दे. आता ह्याला त्या नावानं कोण हाक मारतं ते मला बघायचंय. जो मारील तो तिच्या मागोमाग जाईल." तिथं एक पहारेकरी बसवून तो वर गेला.

त्या संध्याकाळी माचीवर चूल पेटली नाही. कोंडाआजीनं ठकूला आपल्या घरी आणलं, पण दिवे लागले तशी पोर हातातली शिळी भाकरी घेऊन उठली आणि उंबऱ्यात उभी राहिली. आजीला कळेपर्यंत हाक गेलीसुद्धा. "किल्लेदार! भाकरी खायला ये!"

पहारेकरी वळला. दारात आजीचं स्वतःचं म्हातारं कुत्रं पडलं होतं, त्याचं नाव खंड्या. आजीनं चौकट धरली आणि फुटक्या आवाजात त्याला हाक मारली, "किल्लेदार! ऊठ, चल घरात!" पलीकडच्या अंगणातून हाक आली. मग खालच्या आळीतून. ज्यांच्याकडे कुत्रं नव्हतं तेही दारात येऊन ओरडले. पहारेकरी वेशीत उभाच राहिला. तो कुठल्या दारात जाणार?

आवाज गडावर पोचला. किल्लेदार सदरेवरून उठला, तटापाशी आला आणि ऐकत राहिला. सगळं गाव लोटलं असतं तर बुरजाला दगड कुणी चढवले असते? दुसऱ्या दिवशी हाका आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या, रोज येत राहिल्या. तो पुन्हा कधी माचीवर उतरला नाही. पुढे गड ओस पडला. त्याचं खरं नाव काय होतं, ते आता कुणालाच सांगता येत नाही.

ठकू म्हातारी होऊन वारली. माचीवरच्या प्रत्येक पिल्लाला पहिली हाक तिनंच मारायची, असा रिवाज होता. पण ती कड्याकडे तोंड करून कधी जेवली नाही, असं सांगतात.

आजही माचीवरून मारलेली हाक कड्यावर आपटून परत येते. त्या परतलेल्या हाकेला इथं हौसाची हाक म्हणतात. ती विरेपर्यंत कुत्र्यापुढे भाकरी टाकत नाहीत. कुत्रीही तोवर खाली मान घालून थांबतात.