पाहुण्यांची मंडळी

एका डोंगराळ गावात बावीस घरांची एक लहानशी ख्रिस्ती मंडळी होती. तिचा कारभार मनश्शे पाटोळे पाहत. सगळे त्यांना मनश्शे वडील म्हणत. पाळकसाहेब तालुक्याहून महिन्यातून एकदाच येत; एरवी उपासना चालवायची ती वडिलांनीच.

वडील मनाने मोठे आणि कामाला वाघ होते. देऊळ झाडायचे ते, घंटा वाजवायचे ते, शास्त्रपाठ वाचायचे ते आणि गीताला पेटी धरायचेही तेच. कुणी सतरंजी अंथरायला वाकलं, की ते लगबगीने पुढे होत. "राहू द्या, राहू द्या! तुम्ही बसा." लोकांना त्रास नको, असं त्यांना वाटे. शिवाय दुसऱ्याने अंथरलेली सतरंजी वाकडी पडते, असंही मनातून वाटे.

हळूहळू लोक येईनासे झाले. एका रविवारी नऊच माणसं उरली. पाळकसाहेब म्हणाले, "वडील, असंच चाललं तर आपल्याला तालुक्याच्या मंडळीत सामील व्हावं लागेल. या देवळाला कुलूप लागेल."

आपण एवढे राबतो आणि लोकांना त्याचं काहीच नाही, याचा वडिलांना राग आला. त्या रागातच ते देवळात येणं सोडलेल्या लेआबाईंना जाब विचारायला गेले.

लेआबाई अंगणात बाजेवर कुरडया घालत होत्या. वारा सुटला होता आणि खाली अंथरलेलं जुनं लुगडं उडत होतं. वडील तोंड उघडणार, तोच बाई म्हणाल्या, "बरं झालं आलात! आधी हे टोक धरा."

वडिलांनी टोक धरलं. मग चार दगड आणून ठेवले. मग सोऱ्याही फिरवायला घेतला. त्यांची कुरडई शेपटीसारखी लांबतच गेली, तेव्हा बाई पोट धरून हसल्या. वडीलही हसले. तास कसा गेला ते कळलं नाही. निघताना त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "बाई, देवळात का येत नाही?"

"येऊन करू काय? तिथं आमच्या हाताला काम नाही. पाहुण्यासारखं किती वर्षं यायचं, वडील?"

वडिलांना ते झोंबलं. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी वहाणा चढवल्या आणि बावीसही घरं पालथी घातली. "देवळात या" असं त्यांनी कुठेच म्हटलं नाही. लेआबाईंना म्हणाले, "ईस्टरच्या जेवणाचं तुम्ही बघा." ट्रक चालवणाऱ्या फिलेमोनला म्हणाले, "त्या दिवशीचा शास्त्रपाठ तू वाच."

"वडील, मी अडखळतो."

"अडखळ. आम्ही थांबू."

ईस्टरच्या सकाळी देऊळ भरलं. सतरंज्या वाकड्या पडल्या होत्या आणि घंटा दहा मिनिटं उशिरा वाजली. फिलेमोन वाचायला उभा राहिला आणि दुसऱ्याच ओळीला अडला. वडिलांना तो अध्याय तोंडपाठ होता. पुढचा शब्द अगदी जिभेवर आला. पण त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि बसल्या जागी मुठी आवळल्या. कुणी खोकलंसुद्धा नाही. फिलेमोनने घाम पुसला आणि तो शब्द उच्चारला. मग पुढचा. मग अख्खा पाठ. "आमेन!" म्हणताना देऊळ दणाणलं.

समोर पाळकसाहेब हसत होते. आता कुलूप लागणार नाही, हे कुणी सांगायला नको होतं. वडिलांनी मोठा सुस्कारा सोडला. डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवून घ्यावा, तसं त्यांना हलकं वाटलं.

तेवढ्यात शेजारून त्यांच्या पत्नी सुवार्ताबाई हळूच म्हणाल्या, "अहो, लग्नाच्या दिवसानंतर आज पहिल्यांदा देवळात माझ्याशेजारी बसलात."

तात्पर्य: माणसाला नुसती बसायला जागा दिली तर तो पाहुणाच राहतो; हाताला काम दिलं की तो घरचा होतो.