पाय धुवायचं पाणी

भाद्रपदातला रविवार, सकाळचे पावणेसात. डोंगरमाथ्यावरच्या सड्याचे फाटक. एकदा एक वृद्ध तिथे दगडावर बसून, आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या बुटांचे तळवे ब्रशने घासून धूत होता.

सडा म्हणजे कातळाचे सपाट पठार. त्यावर माती जेमतेम दोन बोटे. त्या दोन बोटांवर वर्षातून महिनाभर सीतेची आसवं, गेंद आणि तेरडा ही फुले फुलतात, आणि ती पाहायला खालच्या शहरांतून गाड्यांची रांग लागते.

वृद्धाजवळ एक शिष्य होता. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेला, फुलांची नावे शिकायला आलेला. तीन आठवडे झाले, म्हाताऱ्याने त्याला एकही नाव शिकवले नव्हते. हातात फक्त ब्रश दिला होता. तेही एक वेळ ठीक. पण धुतलेले गढूळ पाणी म्हातारा फेकून देत नसे. ते घमेल्यात ओती, गाळ बसू देई, वरचे पाणी निथळून टाकी, आणि ते घमेले फाटकाजवळच्या आपल्या खोपटामागे उन्हात नेऊन ठेवी. प्रत्येक घमेल्यावर खडूने तारीख. हा काय प्रकार आहे, हे शिष्याने दोनदा विचारले. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळाले : “थांब, उगवू दे.”

त्या रविवारी रांगेतून एक व्यापारी पुढे आला. डोंगराखाली त्याचे तंबूंचे विश्रामगृह होते.

“काय आबा, जावई आलेत का सगळे? पाय धुताय ते! आणि हे घमेल्यात काय, चरणतीर्थ?”

“पिऊन बघा, शेठ.”

रांगेत हशा पिकला. व्यापारी हसला नाही. “माझ्या पाहुण्यांना अर्धा तास उभं राहावं लागतं. सरपंचबाई दहाला येतायत. हे ब्रश-बादली उचला, नाहीतर त्या उचलायला लावतील. बोलणं झालंय माझं.”

तो गेल्यावर शिष्य म्हणाला, “आबा, गाडीवाल्यांचं ठीक आहे. पण सगळ्यांना एकच नियम कशाला? मी एसटीनं आलो. पाण्याची बाटली स्टीलची. तीन आठवड्यांत एक कागद टाकला नाही, एक फूल तोडलं नाही. तरी पहिल्या दिवशी माझेही बूट धुतलेतच ना तुम्ही?”

“धुतले. चल, दाखवतो.”

खोपटामागे म्हाताऱ्याने एका घमेल्याकडे बोट केले. त्यावर शिष्य आला त्या दिवसाची तारीख होती; त्या पावसाळी दिवशी फाटकावर दुसरे कुणी आले नव्हते. गाळ वाळून भेगाळला होता, आणि भेगांतून कातरलेल्या पानांची सहा रोपे वर आली होती. शिष्य खाली वाकला. हे नाव त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

“गाजर गवत,” तो म्हणाला. “हे माझ्या बुटातलं?”

“तुझ्याच. एसटी स्टँडमागच्या मैदानातून आलास ना?”

 शिष्य तिथूनच आला होता.

“बाहेरून आलं की पायावर पाणी घेऊन घरात शिरायचं, ही आपली रीत,” वृद्ध म्हणाला. “पाहुण्याला दारातच तांब्या देतात. पाहुण्याला वाटतं, आपला मान राखला. राखलाच. पण ते पाणी घरासाठी असतं रे. रस्त्यावरचं चुलीपर्यंत जाऊ नये म्हणून. तू इथून काही नेत नाहीस, हे चांगलंच आहे. पण काय घेऊन आलास, ते कधी पाहिलंस का? माती दोन बोटं आहे. त्यात हे सहा शिरले की सीतेच्या आसवांनी कुठं जायचं?”

दहा वाजता सरपंचबाई आल्या. सोबत व्यापारी.

“आबा, तक्रार आहे तुमच्यावर,” बाई म्हणाल्या.

म्हातारा काही बोलायच्या आत शिष्याने ते घमेले उचलून त्यांच्यापुढे ठेवले. “बाई, हे मी आणलं. मी, स्वतःला फार शहाणा समजणाऱ्यानं. आबा नसते तर आज हे आत रुजलं असतं.”

“गवतच आहे ना?” व्यापारी म्हणाला. “हिरवं तर दिसतंय.”

“शेठ, तुमच्या गोठ्यात टाका बरं,” बाई म्हणाल्या. “म्हैस तोंड लावते का बघा.” मग त्यांनी चप्पल काढली, उलटी केली आणि म्हाताऱ्यापुढे धरली. मागच्या रांगेत माणसे आपापले तळवे निरखू लागली. व्यापारी रांगेच्या शेवटी गेला.

शिष्याला त्या दुपारी पहिल्या फुलाचे नाव शिकायला मिळाले. ते फूल पाहायला तो सड्यावर गेला आणि तिथे जे दिसले त्याबद्दल विचारायला म्हाताऱ्याकडे परत आला.

सड्याच्या मधोमध, जिथे पर्यटकांना जाऊच देत नाहीत, तिथे ‘निसर्ग जपा’ या पाटीभोवती गुडघाभर गाजर गवत आहे. म्हाताऱ्याने सांगितले, गेल्या वर्षीच्या फुलोत्सवाच्या उद्घाटनाचा मांडव तिथेच घातला होता. त्या दिवशी म्हाताऱ्याला निरोप होता, ‘आज सुट्टी’. अकरा गाड्या थेट कातळावर गेल्या. फाटकाला कुलूप एक, किल्ली एक, आणि ती ग्रामपंचायतीच्या कचेरीत खिळ्यावर असते. ती त्या दिवशी कुणी काढून दिली, हे शिष्याने ग्रामपंचायतीला लेखी विचारले आहे. अर्जावर पोच आहे. उत्तर नाही.